मुंबईच्या टोळीजीवनावरील चित्रपट : वेशभूषा आणि कालविपर्यास

ऐतिहासिक चित्रपटांतील वेशभूषेची चर्चा मराठीत बहुधा शिवकाल आणि पेशवाई यांपुरतीच मर्यादित राहिली आहे. अंगरख्याचे बंद कोणत्या बाजूस असावेत, पगडीचा घाट कोणत्या काळातला, असे प्रश्न अभ्यासकांनी विचारले आणि त्यांची उत्तरेही साधार दिली. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मुंबईविषयी मात्र असे प्रश्न क्वचितच विचारले जातात. तो काळ पाहिलेली माणसे आजही हयात आहेत, तेव्हा त्याविषयी चूक होण्याचा संभव कमी, अशी यामागील समजूत दिसते. वस्तुतः निकटचा भूतकाळच अधिक फसवा असतो. दूरच्या काळासंबंधी आपण निदान साधने धुंडाळतो. जवळच्या काळासंबंधी स्मरणावर विसंबतो, आणि हे स्मरण पुष्कळदा प्रत्यक्षाचे नसून पूर्वी पाहिलेल्या चित्रपटांचेच असते.

मुंबईतील दादा, तस्कर आणि टोळीवाले यांच्यावरील चित्रपट हे या दृष्टीने महत्त्वाचे साधन होय. त्यांतील काही चित्रपट आपल्याच काळाविषयी बोलतात, तर काही गेलेल्या काळाची पुनर्रचना करतात. या दोहोंतील वेशभूषा कितपत विश्वसनीय मानावी, आणि त्यासाठी कोणत्या कसोट्या लावाव्यात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. पोशाखाची नावे

वस्त्राचा इतिहास पाहताना त्याच्या नावांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. 'विजार' हा शब्द अरबी 'इज़ार'वरून आला. 'पायजमा' फारसी आहे. 'पाटलोण' हे 'पँटलून'चे मराठी रूप. 'गंजीफ्रॉक' या शब्दातील 'गंजी' म्हणजे इंग्लिश खाडीतील गर्न्सी हे बेट. तेथील खलाशांचा विणलेला अंगरखा इंग्रजी नावासह येथे आला आणि गिरणगावातील कामगाराच्या अंगावर 'गंजीफ्रॉक' होऊन राहिला. उलट दिशेनेही प्रवास घडला आहे. जाड्याभरड्या निळ्या कापडासाठी इंग्रजीत रूढ झालेल्या 'डंगरी' या शब्दाचा संबंध मुंबईतील डोंगरी या वस्तीशी जोडला जातो. ज्या डोंगरीचे नाव पुढे टोळ्यांच्या इतिहासात वारंवार येते, तिचेच नाव जगभर कष्टकऱ्याच्या कपड्याला मिळाले असे मानतात, ही गोष्ट लक्षणीय आहे.

या नावांचा उपयोग कालनिर्णयासाठी होतो. 'पाटलोण' म्हणणारी पिढी आणि 'पँट' म्हणणारी पिढी एक नव्हे. 'नेहरू शर्ट', 'मनिला', 'बुशकोट' हे शब्द एका विशिष्ट काळात घरोघरी बोलले जात. पुढे ते मागे पडले. वस्त्र आणि शब्द ही दोन्ही एकाच वेळी बदलत नाहीत. कधी वस्त्र जाते आणि शब्द उरतो, कधी शब्द जातो आणि वस्त्र नव्या नावाने वावरते. तथापि एखाद्या पात्राच्या तोंडी १९५५ सालचा शब्द आणि अंगावर १९८५ सालचे वस्त्र असेल, तर त्या पात्राचा काळ कोठेतरी उसवला आहे असे समजावे.

२. समकालीन चित्रपट : साधन म्हणून

टोळीजीवनावरील चित्रपटांचे दोन वर्ग पाडणे आवश्यक आहे. 'सी. आय. डी.' (१९५६), 'दीवार' (१९७५), 'अर्धसत्य' (१९८३), 'सत्या' (१९९८) हे चित्रपट प्रायः आपल्या काळाचे आहेत. त्यांच्या निर्मात्यांना पुनर्रचना करावयाची नव्हती. म्हणून पुढील वेशभूषाकार त्यांना पुराव्याचा दर्जा देतात. हा पुरावा ग्राह्य आहे, परंतु तो पारखून घ्यावा लागतो.

'सी. आय. डी.'चे उदाहरण घ्यावे. मूळच्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी वेशभूषाकार म्हणून केलेला हा पहिला चित्रपट. पुढे 'गांधी' या चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्यासमवेत त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले आणि हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या या मराठी स्त्रीची चित्रपटकारकीर्द मुंबईतील गुन्हेगारीच्या कथेपासून सुरू झाली, हे फारसे ध्यानात घेतले जात नाही. मात्र त्या चित्रपटातील पोशाख म्हणजे १९५६ सालच्या मुंबईचे छायाचित्र नव्हे. नायिकेचे वस्त्र तिच्या रूपास उठाव देण्यासाठी असते, खलनायकाचे वस्त्र त्याला ओळखता यावे म्हणून असते. रस्त्यावरून सहज जाणाऱ्या अनामिक माणसांचे कपडे मात्र या हेतूंपासून मुक्त असतात. समकालीन चित्रपटाचा खरा पुरावा नायकाच्या अंगावर नसून त्याच्या मागच्या गर्दीच्या अंगावर असतो.

'दीवार'मधील निळा सदरा याचे उत्तम उदाहरण होय. गोदीत हमाली करणारा विजय आपल्या सदऱ्याला पुढे गाठ मारून वावरतो, आणि ही गाठ गोदी कामगाराची खूण म्हणून प्रेक्षकांच्या मनात ठसली. अमिताभ बच्चन यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे तो सदरा शिवताना चुकून गुडघ्यापर्यंत लांब झाला होता. चित्रण खोळंबू नये म्हणून त्यांनी त्याला गाठ मारली. म्हणजे ही गाठ गोदीतून आलेली नाही. आता एखाद्या वेशभूषाकाराने १९७० च्या सुमाराचा गोदी कामगार दाखविताना ती गाठ प्रमाण मानली, तर शिंप्याची चूक इतिहास होऊन बसेल. हस्तलिखिताच्या नकलेत लेखनिकाने केलेला प्रमाद पुढील नकलांत जसा पाठ म्हणून स्थिरावतो, तसाच हा प्रकार आहे. पाठचिकित्सकाला जी सावधगिरी लागते, तीच वेशभूषेच्या अभ्यासकालाही लागते.

याउलट विनोदी चित्रपटही कधी उत्तम साक्ष देतो. दादा कोंडके यांच्या 'पांडू हवालदार' (१९७५) या चित्रपटातील हवालदाराची अर्धी विजार हास्यासाठी निर्माण केलेली नाही. त्या काळातील मुंबईचे शिपाई अर्ध्या विजारीतच दिसत. ज्या चित्रपटात १९५० किंवा १९६० च्या दशकातील दादाचा पाठलाग पूर्ण लांबीची विजार घातलेले शिपाई करतात, तेथे दादाचे कपडे कितीही काटेकोर असले तरी काळ चुकलेलाच असतो.

३. पांढऱ्या रंगाचे तीन अर्थ

पुनर्रचनात्मक चित्रपटांत एक गोष्ट वारंवार आढळते : टोळीप्रमुख पांढऱ्या वस्त्रात दिसतो. 'वन्स अपॉन अ टाइम इन मुंबई' (२०१०) या चित्रपटातील सुलतान मिर्झा शुभ्र पोशाखात वावरतो. 'नायकन' (१९८७) मधील वेलू नायकन पांढऱ्या वेष्टीत आहे. 'दगडी चाळ' (२०१५) आणि 'डॅडी' (२०१७) यांत पांढरा झब्बा-लेंगा आणि टोपी दिसते. या तिन्ही ठिकाणी रंग एक असला तरी अर्थ एक नाही. समोच्चारित शब्दांप्रमाणे ही समरूप वस्त्रे वेगळी ओळखली पाहिजेत.

पहिला पांढरा रंग हाजी मस्तान याचा. सुलतान मिर्झा हे पात्र त्याच्यावर बेतल्याचे सर्वत्र मानले जाते. मस्तान रामनाथपुरम भागातून बालपणी मुंबईत आला आणि तारुण्यात गोदीत हमाल होता. तेलाचे डाग, कोळशाची भुकटी आणि घाम यांत वावरणाऱ्या हमालास पांढरे कपडे परवडत नाहीत. ते रोज धुवावे लागतात, त्यांना नीळ आणि इस्त्री लागते. म्हणून मस्तानच्या पांढऱ्या पोशाखाचा अर्थ 'आता ओझे उचलावे लागत नाही' असा आहे. हा अर्थ प्रेक्षकास कळावयाचा असेल, तर त्याच्या पूर्वायुष्यातील मळके, विटलेले कपडेही तितक्याच निष्ठेने दाखविले पाहिजेत. आरंभापासूनच सर्व वस्त्रे धुतलेली व नवी दिसली, तर शुभ्रतेचे मोल उरत नाही.

दुसरा पांढरा रंग वरदराजन मुदलियार याचा. मणिरत्नम यांचा 'नायकन' हा त्याच्या जीवनावर सैलपणे आधारलेला आहे. त्यासाठी कलादिग्दर्शक तोट्टा तरणी यांनी धारावीची वस्ती मद्रास येथे उभारली, आणि त्या कामासाठी त्यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. येथील वेष्टी ही संपत्तीची खूण नसून जन्मभूमीची खूण आहे. मराठी बोलण्यात वेष्टी आणि लुंगी यांत भेद केला जात नाही. परंतु तो भेद महत्त्वाचा आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या शिवसेनेच्या आरंभीच्या आंदोलनात 'लुंगी' हा शब्द दक्षिण भारतीयांचा निर्देशक झाला होता. अशा वातावरणात माटुंगा-धारावीच्या तमिळ वस्तीत स्वच्छ पांढरी वेष्टी नेसून वावरणे म्हणजे त्या निर्देशास दिलेले उत्तर होते. रंगीत लुंगी दाखविली असती तर हा अर्थ नाहीसा झाला असता.

तिसरा पांढरा रंग अरुण गवळी यांचा. येथील टोपी हा तर मराठी समाजाचाच वारसा. १९२० नंतर राष्ट्रीय चळवळीत प्रसार पावलेली ही टोपी वारकऱ्याच्या, डबेवाल्याच्या, गावच्या पाटलाच्या आणि कार्यकर्त्याच्या डोक्यावर आली. गवळी यांनी १९९७ साली अखिल भारतीय सेना स्थापन केली आणि २००४ साली ते विधानसभेवर निवडून आले. टोपी, झब्बा आणि लेंगा हा पोशाख या सार्वजनिक जीवनाच्या संदर्भात वाचला पाहिजे. तो पोशाख त्यांच्या तारुण्यातील प्रसंगांत दाखविल्यास तो कालविपर्यास होईल. कारण तो संपत्तीची किंवा प्रांताची नव्हे, तर मतदाराशी बोलण्याची भाषा आहे.

४. कापडाचा आर्थिक इतिहास

मुंबईच्या टोळ्यांचा इतिहास कापडाच्या इतिहासापासून वेगळा करता येत नाही. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. पुढील शंभर-सव्वाशे वर्षे हे शहर कापडावर जगले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, कापड व सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम निघाला. स्वातंत्र्यानंतरही ही नियंत्रणे एकदम नाहीशी झाली नाहीत. म्हणजे 'बॉम्बे व्हेल्वेट' (२०१५) ज्या १९४९ सालापासून आपली कथा सांगू लागतो, त्या काळी कापड हीच एक दुर्मिळ वस्तू होती. गरीब तरुणाजवळ बदलावयास दोन सदरे असणे ही साधी बाब नव्हती.

त्या चित्रपटाच्या वेशभूषाकार निहारिका भसीन यांना 'द डर्टी पिक्चर'साठी राष्ट्रीय पारितोषिक लाभले होते. त्याच वर्षी 'बालगंधर्व' या मराठी चित्रपटासाठी नीता लुल्ला यांनाही ते विभागून मिळाले. 'बॉम्बे व्हेल्वेट'मधील नायकाचे सूट मुंबईपेक्षा अमेरिकेच्या अधिक जवळचे वाटतात, असा आक्षेप घेता येईल. तथापि तो पूर्णपणे मान्य करता येत नाही. त्या नायकाला अमेरिकी गुन्हेगारी चित्रपटाचा ध्यास आहे. पडद्यावर पाहिलेला माणूस व्हावे अशी त्याची इच्छा आहे. अनुकरण हीदेखील ऐतिहासिक घटना असते. प्रश्न एवढाच उरतो की, ते सूट त्याच्या अंगावर उसने दिसतात की जन्मजात. उसने दिसले तर ते खरे.

१९६० च्या दशकाच्या मध्यापासून भारतात टेरेलिनसारखे कृत्रिम धागे तयार होऊ लागले. परंतु परदेशी नायलॉन आणि टेरेलिनची ओढ ओसरली नाही. चोरट्या आयातीत सोने, घड्याळे व ट्रान्झिस्टर यांबरोबर कृत्रिम धाग्यांचे कापडही असे. यामुळे १९७० च्या सुमाराच्या तस्कराच्या अंगावरील चकचकीत सदरा हा केवळ अलंकार ठरत नाही. तो त्याच्या धंद्याचा माल आहे. पुनर्रचनेत मोठी कॉलर आणि खाली रुंद होत जाणारी बेलबॉटम एवढ्यानेच १९७० चे दशक उभे केले जाते. आकार बरोबर आणि पोत चूक, अशी अवस्था त्यामुळे होते. त्या काळचे टेरेलिन घामाने अंगास चिकटे, ठिणगी पडल्यास वितळे, पण त्याची घडी मोडत नसे. ज्यांच्या घरी इस्त्री नव्हती त्यांना त्याचे मोठे अप्रूप होते. आजच्या मऊ, ताणल्या जाणाऱ्या कापडात हे गुण नाहीत, आणि कापडाच्या बदलाबरोबर माणसाची चालही बदलते.

शिलाईचा प्रश्नही यातूनच निघतो. त्या काळी कपडे बहुधा कापड घेऊन शिंप्याकडून शिवले जात. वाढत्या वयाच्या मुलाचे तर मुद्दाम सैल शिवले जात. भारतीय जीन्सची 'फ्लाइंग मशीन' ही पहिली छाप १९८० साली बाजारात आली. तत्पूर्वीच्या सामान्य तरुणाच्या अंगावर घट्ट जीन्स दिसणे संशयास्पद मानावे.

शरीरासही हीच कसोटी लावावी लागते. 'शूटआउट अ‍ॅट वडाळा' (२०१३) हा चित्रपट मन्या सुर्वे याच्यावर आहे. सुर्वे ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळा येथे पोलिसांच्या गोळीबारात ठार झाला. चित्रपटातील नायकाचे व्यायामशाळेत घडविलेले शरीर हे एकविसाव्या शतकातील शरीर आहे. तालमीतील मेहनतीने कमावलेले शरीर आणि यंत्रांवर घडविलेले शरीर यांचा बांधा निराळा असतो. अशा देहावर १९७५ सालचा सदरा चढविला तरी तो १९७५ चा राहत नाही. परदेशातील चित्रपटही या दोषापासून मुक्त नाहीत. १९८७ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये आर्मानी या इटालियन वस्त्रकाराचे कपडे वापरले गेले आणि १९३० च्या शिकागोवर १९८० च्या दशकाची छाया पडली. त्याउलट 'द गॉडफादर'मध्ये (१९७२) अ‍ॅना हिल जॉनस्टन यांनी दिलेली वेशभूषा पात्रांच्या वयाबरोबर आणि घरातील स्थानाबरोबर बदलत जाते.

ज्या दिवशी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, तो दिवस १८ जानेवारी १९८२ होय. सुर्वेच्या मृत्यूनंतर अवघ्या सात दिवसांनी. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकावरून महेश मांजरेकर यांनी केलेला 'लालबाग परळ' (२०१०) हा चित्रपट या संपात होरपळलेल्या एका कुटुंबाची आणि त्यातून गुन्हेगारीकडे गेलेल्या मुलाची कथा सांगतो. येथे वेशभूषेचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. जे लोक शहरासाठी कापड विणीत होते, त्यांच्याच अंगावरील कापड या काळात झिजत गेले. संप लांबत गेला तसतसे नवे कापड घरात येणे थांबले. थोरल्याचा सदरा धाकट्याकडे गेला. अशा घरात मुलगा एके दिवशी नवा सदरा घालून येतो, तेव्हा पैसा कोठून आला हे आईला विचारावे लागत नाही. तो सदरा पडद्यावर नेमका दिसण्यासाठी बाकीच्या सर्वांचे कपडे जुने असणे अगत्याचे आहे.

५. चौसाळ्याचा दृष्टिकोन

आतापर्यंत कालाचा विचार झाला. स्थलाचा विचार राहिला. बोलीभूगोलात असे दिसते की भाषेतील नवे रूप केंद्रस्थानी निर्माण होते आणि वाटांच्या अनुरोधाने पसरत जाते. वाटेपासून दूर असलेल्या भागात जुने रूप टिकून राहते. वस्त्राचेही तसेच आहे. बीड जिल्ह्यातील चौसाळा हे गाव धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. हा जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. म्हणजे १९५५ साली चौसाळ्याचा माणूस आणि मुंबईचा माणूस यांची राज्येही वेगळी होती. त्यांचे धोतर, सदरा, पटका यांची चालरीत एक असण्याचे कारण नव्हते.

१९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातील असंख्य माणसे कामाच्या शोधात बाहेर पडली. त्या वर्षी चौसाळ्यासारख्या गावातून मुंबईस पोहोचलेला तरुण आपण पडद्यावर पाहतो अशी कल्पना करावी. मुंबईचे साल १९७२ असले तरी त्याच्या अंगावरचे साल १९७२ असू शकत नाही. त्याचा लेंगा, गावच्या शिंप्याने शिवलेला सदरा, पायातील वहाणा ही सर्व दहा-पंधरा वर्षे मागची असणार. चित्रपटात मात्र १९७२ म्हटले की सर्वांना सरसकट बेलबॉटम चढविली जाते. वस्तुतः एकाच रस्त्यावर एकाच क्षणी तीन-चार कालखंड वावरत असतात. म्हाताऱ्याच्या डोक्यावर १९३० असते, हवालदाराच्या अंगावर सरकारी काळ असतो, आणि फक्त हाती पैसा असलेला तरुण चालू साल पांघरून असतो. वेशभूषेची काटेकोरता या मिश्रणात आहे, एकरूपतेत नाही.

आणखी एक गोष्ट. टोळीत शिरणाऱ्या तरुणाची पहिली घडामोड ही पुष्कळदा कपड्यांची असते. गावाकडचे वस्त्र टाकून तो शहराचे घेतो. त्याने काय टाकले हेच प्रेक्षकास दिसले नाही, तर त्याने काय मिळविले हेही कळणार नाही. 'दादा' आणि 'भाई' या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ भाऊ असाच आहे. शहरात त्यांना दहशतीचा अर्थ चिकटला. घरातील भाऊ रस्त्यावरचा 'भाई' कसा झाला, हे शब्दातून जसे कळते तसे कपड्यांतूनही कळले पाहिजे.

६. निष्कर्ष

या विवेचनातून चार कसोट्या निष्पन्न होतात. पहिली, वस्त्राचा आकार नव्हे तर कापड, शिलाई आणि झीज तपासावी. दुसरी, नायकापेक्षा गर्दीकडे आधी पाहावे. तिसरी, आधीच्या चित्रपटास पुरावा मानताना त्यातील अपघात आणि अलंकरण वेगळे काढावे. चौथी, प्रत्येक पात्राचे साल निराळे ठरवावे. छायाचित्रांचा आधार घेतानाही हेच भान हवे. छायाचित्रकाराच्या दुकानात माणूस ठेवणीतले कपडे घालून जातो, आणि कृष्णधवल चित्र रंगाविषयी मौन पाळते. प्रमाण ग्रंथांवरून बोलभाषेचा अंदाज करताना जी अडचण येते, तीच येथे आहे.

हा प्रश्न केवळ चित्रपटसृष्टीचा नाही. लालबाग-परळच्या गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी उंच इमारती आल्या. चाळीही एकामागून एक पडत आहेत. त्या जगाची ओळख पुढील पिढ्यांना प्रामुख्याने पडद्यावरूनच होणार. दादाचा शुभ्र सदरा पडद्यावर टिकला आणि तो कापड विणणाऱ्या कामगाराचा ठिगळ लावलेला गंजीफ्रॉक नाहीसा झाला, तर पुढील प्रेक्षकास गुन्हेगारीचे वैभव तेवढे दिसेल, तिचे कारण दिसणार नाही.